लालकणीचं दहावं झुडूप

मुलांनो, मांडी घालून बसा आणि चुळबूळ करू नका. एका जंगलात, जिथे थंडीत डबक्यावर बर्फाची साय धरते, एक सिंह राज्य करत होता. त्याला बागेचा भारी शौक.

पण थंडीत बाग भकास दिसे. सिंहाने दूरदेशीची फुलझाडं मागवली. ती पहिल्याच कडाक्यात काळी पडली.

तेव्हा माळी साळिंदर म्हणाला, "महाराज, आपल्या ओढ्याकाठी लालकणी आहे. थंडीत तिची पानं गळतात आणि नुसत्या काड्यांवर लाल फळं राहतात."

"आपल्याच ओढ्याकाठची?" सिंहाने नाक मुरडलं. "बरं, लावून बघ."

साळिंदराने दहा झुडपं लावली. ती वाढली, आणि एका मार्गशीर्षात पानं गळून बाग लालेलाल झाली. सिंह खूश झाला. त्याहून खूश झाली म्हातारी बुलबुल. बाकीची पाखरं थंडीत खालच्या उबदार रानात जात, पण हिचा एक पंख अधू होता. त्या फळांवर तिने अख्खा हिवाळा काढला.

मग तपासणी आली. चांगलं काही झालं की ती येतेच.

तपासनीस मुंगूस दहाव्या झुडपापाशी थांबला. "याला एकही फळ नाही?"

"साहेब, तो नर आहे. मधमाश्या त्याचा पराग नेतात, तेव्हा बाकीच्या नऊ माद्यांना फळं धरतात."

"म्हणजे ने-आण मधमाश्यांची, फळं माद्यांची. मग हा काय करतो?"

"हा फुलतो, साहेब."

मुंगसाने वहीत लिहिलं, 'नुसता उभा असतो.'

दुसऱ्या दिवशी दहावं झुडूप उपटलं. उरलेल्या नवांना प्रशस्तिपत्रकं मिळाली. ती हरणांनी खाल्ली. साळिंदर खड्ड्याजवळ बराच वेळ बसला. त्याला रडू येत होतं, पण तो नोकरीत होता.

पुढच्या थंडीत पानं गळली आणि नुसत्या काड्या उरल्या.

"साळू, फळं कुठं गेली रे?" बुलबुलने विचारलं. "उशिरा येतील का?"

"नाही गं आजी."

मुंगसाने नऊही झुडपांना आळशी ठरवलं. मग त्याने लाल तोंडाची माकडं आणून बागेभर बसवली. "लांबून फरक कळत नाही," तो म्हणाला. सिंहाला जवळूनही कळला नाही.

बुलबुलने मोठ्या आशेने एका माकडाच्या गालावर चोच मारली. माकडाने लेखी तक्रार केली.

चार दिवसांनी ती साळिंदराला काड्यांखाली पडलेली सापडली. त्याने तिला दहाव्या झुडपाच्या खड्ड्यातच पुरलं.

मुंगसाने वहीत नोंद केली, 'बुलबुल, एक. उबदार रानात स्थलांतर.'

तात्पर्य: मुलांनो, उपयोगी अवश्य पडा, पण तपासणीच्या दिवशी अंगावर चार लाल फळं अडकवायला विसरू नका. तेही जमलं नाही, तर तोंड लाल करून बागेत जाऊन बसा.