बाळंतिणीच्या पट्ट्यावर गोल्फ

उद्धवरावांची कंबर धरली ती नेमकी नव्या साहेबांच्या दारात.

बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात ते नकाशांचे कारकून होते. वर्षानुवर्षं लांबलचक नकाशे जमिनीवर पसरून त्यांवर ओणवं राहिल्यामुळे कंबरेनं त्यांच्याशी कायमचं वैर धरलं होतं. कळ आली की काय करायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. पाय फाकवायचे, गुडघे जरा सैल सोडायचे, छत्रीचं टोक समोर टेकवायचं, मूठ दोन्ही हातांनी आवळायची, आणि मान खाली घालून त्या टोकाकडे एकटक बघत कळ जायची वाट पाहायची.

ते असे उभे असताना दार उघडलं आणि नरसिंहमूर्ती साहेब बाहेर आले. दोन पावलं टाकून थबकले.

"अरे वा! क्या स्टान्स है! बागुंदि, बागुंदि! कितने साल से है?"

साहेब कंबरेचीच चौकशी करताहेत, असं उद्धवरावांना वाटलं. मान वर करायची सोय नव्हतीच.

"बहोत साल से है, साहब. आता रोजच आहे."

"रोज? व्हेरी गुड! मेरा पार्टनर ट्रान्सफर हो गया. संडे सुबह गोल्फ ग्राउंड पर आना."

कळ ओसरून मान वर होईपर्यंत साहेब जीपमध्ये बसून गेलेसुद्धा.

क्वार्टरांच्या वाटपाचं टेबल सांभाळणारा नागनाथ हे सगळं बघत होता. तो उद्धवरावांचा जुना दोस्त. त्यानं आधी पोटभर हसून घेतलं.

"काऊन हसून राह्यला बे? उद्या जाऊन सांगतो, मले गोल्फ येत नाई म्हणून."

"सांग. तुया अर्ज त्याच्याच टेबलावर हाय. खालच्या मजल्याचं एकच क्वार्टर रिकामं होऊन राह्यलं, अन् सही साहेबाचीच लागते. पयल्याच दिवशी नाई म्हन, मंग चढत राय आयुष्यभर तिसऱ्या मजल्यावर."

पहिल्या मजल्याच्या वर नळाचं पाणी चढत नसे. मनकर्णा, त्यांची बायको, एका कडेवर लेक आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन जिने चढे, आणि ते मागून रिकाम्या हातांनी कठडा धरत येत. लेक सात-आठ महिन्यांची झाली तरी तिला जमिनीवरून त्यांनी कधी उचललं नव्हतं. मनकर्णा उचलून त्यांच्या हाती देई, तेव्हाच ती त्यांची होई. पाळणासुद्धा त्यांना वाकावं लागू नये म्हणून तिनं छातीइतका उंच टांगला होता.

"जातो मी," ते म्हणाले.

"जा. पन एक ध्यानात ठेव. अर्जात लिवलं हाय, कंबर दुखते. तिकडं दांडू फिरवताना दिसला, तर साहेब म्हनन, हा तर लबाड हाय!"

"मंग करू काय?"

"पयले दोस्ती कर. कंबर मांगून सांग."

*

घरी मनकर्णेनं सगळं ऐकून घेतलं. साहेबांनी चपराशाबरोबर पाठवलेली लोखंडी काठी तिनं उलटसुलट करून पाहिली.

"लयच बुटकी हाय. वाकावं लागन तुमाले."

"म्हणून तर म्हणतो, जमत नाई."

"काऊन नाई जमत? आपून काठीच लांब करू."

तिनं मुठीशी बांबूचा तुकडा लावला आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळली. आता काठी उद्धवरावांच्या बरगडीपर्यंत आली. चेंडू ठेवायला जमिनीत खुंटी रोवतात हे कळल्यावर तिनं लेकीच्या दुधाच्या बाटलीचं निप्पल उलटं करून आणलं. चेंडू त्या वाटीत असा बसला, की जणू त्याच्यासाठीच ते केलं होतं. आणि पडलेला चेंडू उचलायला नार्नूरच्या माहेराहून आलेला आंबे उतरवायचा झेला होताच, लांब बांबू आणि टोकाला जाळी.

"अन् फटका?" उद्धवरावांनी विचारलं. "साहेब तर पुरं अंग पिळून मारते म्हने."

"पिळायचं कायले? सडा टाकल्यावानी मारा. हे पाहा."

तिनं गॅलरीत तांब्या घेतला. पाठ ताठ, गुडघे सैल, हात कंबरेपर्यंतच मागे, आणि खांद्यातून एक हलकासा झोका. पाणी लांबवर गेलं. इतकं लांब, की खालून आवाज आला.

"ओ मनकर्णाबाई! आज काय होळी हाय का?" दुसऱ्या मजल्यावरच्या जयवंताबाई पापड वाळत घालत होत्या.

"नाई हो जयवंताबाई! यायले गोल्फ शिकवून राह्यली!"

जयवंताबाईंनी पापड उचलून आत नेले.

रविवारी पहाटे मनकर्णेनं शेवटची गोष्ट ट्रंकेतून काढली. बाळंतपणात तिच्या आईनं तिची कंबर ज्या मऊ जुन्या लुगड्यानं आवळून बांधली होती, तेच लुगडं.

"हे?" उद्धवराव दोन पावलं मागं सरले. "हे बाळंतिणीचं हाय!"

"मंग? कंबर ते कंबर. हात वर करा अन् फिरा."

एक टोक तिनं धरलं, दुसरं त्यांच्या पोटाशी. उद्धवराव भोवऱ्यासारखे गोल गोल फिरत लुगड्यात शिरले. पाळण्यातली लेक खदाखदा हसली. वरून शर्ट घातला, आणि कित्येक महिन्यांनी त्यांना आपला कणा सरळ उभा असल्यासारखा वाटला.

*

गोल्फचं मैदान जुन्या खाणीच्या मागं होतं. हिरवळ नावापुरती, बाकी काळी रेती आणि बाभळी. झेला, बरगडीइतकी काठी आणि खिशात निप्पल, अशा थाटात येणारे उद्धवराव बघून साहेबांनी गॉगल काढला.

"ये क्या है?"

"हमारे तरफ का तरीका है, साहब."

उद्धवरावांनी झेल्याच्या जाळीतून आधी निप्पल रेतीत टेकवलं, मग त्यावर चेंडू अलगद सोडला, मनात मनकर्णेचा तांब्या आणला आणि सडा टाकला. चेंडू सरळ, नाकासमोर, बाभळींच्या मधून गेला.

"चाला बागुंदि! बहुत अच्छा!" साहेब ओरडले.

मग साहेबांनी मारला. अंग पिळून मारला. चेंडू झुडपात गेला, पण साहेब काठी खांद्यावर तशीच उंच धरून कितीतरी वेळ त्या दिशेनं बघत उभे राहिले. ही गोल्फमधली रीत असावी, असं समजून पुढच्या फटक्यानंतर उद्धवरावही तसेच उभे राहिले. दोघं शेजारी शेजारी, काठ्या उंच, रिकाम्या बाभळींकडे बघत. झुडपातली कुत्री उठून दुसरीकडे गेली.

खेळ रंगत गेला. साहेब खुशीत येऊन बोलू लागले.

"तुम्हारी कमर तो रबर है, उद्धवराव! और ऑफिस में देखो! किसी क्लार्क ने अर्जी दी है, कमर दुखती है, ग्राउंड फ्लोअर चाहिए. सब बहाना! कल ही कॅन्सल करता हूँ."

साहेबांनी अर्ज वाचला होता, फक्त खालचं नाव वाचलं नव्हतं. उद्धवरावांच्या डोळ्यांपुढे तिसरा मजला उभा राहिला. आता बोललं तर लबाड ठरणार, न बोललं तर क्वार्टर जाणार. या विचारात त्यांनी पुढचा चेंडू मारला, आणि सडा विसरून साहेबांसारखं अंग पिळलं.

शर्टाच्या आत कुठेतरी गाठ सुटली.

लुगड्याचं टोक शर्टाखालून बाहेर आलं. वारा होताच. ते आधी हातभर आलं, मग वावभर, आणि उद्धवराव टोक धरायला गरकन वळले, ते उलट्या बाजूला. मग तर लुगडं उलगडतच गेलं. हिरवं, लाल काठाचं, मधे ठिगळ लावलेलं लुगडं काळ्या रेतीवर पसरलं आणि त्याचं टोक जाऊन साहेबांच्या बुटाशी थांबलं. आणि आधार सुटलेल्या कंबरेनं तिथेच उद्धवरावांना धरलं. पाय फाकलेले, गुडघे सैल, मान खाली.

साहेबांनी टोकाकडे पाहिलं. मग उद्धवरावांच्या त्या ओळखीच्या उभं राहण्याकडे पाहिलं.

"उद्धवराव... ये स्टान्स नहीं है?"

"नहीं साहब. कमर है. अर्जी मेरीच आहे. मारो, कॅन्सल करो, पण बहाना नहीं है. मेरी बच्ची को मैं जमीन से उठा नहीं सकता."

इकडेतिकडे कुणी नाही ना, हे साहेबांनी पाहून घेतलं आणि हळूच स्वतःचा शर्ट वर केला. आत बकलं लावलेला, घामानं काळा पडलेला जाडजूड चामडी पट्टा होता.

"डॉक्टर ने बोला, गोल्फ बंद करो," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "मैंने डॉक्टर बंद कर दिया."

मग प्रत्येक फटक्यानंतर साहेब बाभळींकडे एवढा वेळ का बघत राहत, ते उद्धवरावांना समजलं.

वाकता येत नव्हतं म्हणून साहेबांनी झेला मागून घेतला, लुगड्याचं टोक जाळीत अडकवून वर उचललं आणि बोटांनी चाचपलं. "चमड़े से तो ये अच्छा है. बांधता कौन है?"

"मिसेस बांधती है, साहब."

*

पुढच्या रविवारी साहेबांची जीप क्वार्टरांपुढे थांबली. साहेबांच्या काखेत त्यांच्या पत्नीची जुनी सुती साडी होती. पहिला मजला त्यांनी साहेबासारखा चढला. दुसऱ्याच्या वळणावर मात्र पाय फाकले, गुडघे सैल झाले आणि मान खाली गेली.

जयवंताबाई पाण्याचा हंडा घेऊन मागून चढत होत्या. पाठमोरी आकृती बघून म्हणाल्या, "आजबी धरली का उद्धवभाऊ? सरका जरा बाजूले, मले जाऊ द्या."

साहेब सरकू शकले नाहीत. हंडा त्यांच्यामागे तसाच ताटकळला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच नागनाथ हुकूम घेऊन धावत आला. "मिळालं रे! खालचंच!"

उद्धवरावांनी ओळ न ओळ वाचली. कारणापुढे लिहिलं होतं, 'प्रशासकीय सोय'.

"अन् माया कंबरेचं? काईच नाई?"

"तुया कंबरेचं कोन पाहाते, येड्या? साहेबाले तीन मजले चढवत नाई!"

खालच्या क्वार्टरला दारापुढे कंबरभर उंचीचा ओटा होता. मनकर्णेनं लेकीला त्यावर बसवलं आणि मुद्दाम आत निघून गेली. उद्धवराव ओट्यापाशी आले. पाठ ताठ, गुडघे सैल. हात पुढं केले, आणि लेकीला स्वतःच उचललं. तिनं त्यांच्या चष्म्याला हात घातला.

तेवढ्यात फाटकाशी जीप वाजली. साहेब उतरले. त्यांच्यामागून खाणीचे डॉक्टर उतरले, तेच ज्यांना साहेबांनी बंद केलं होतं. त्यांच्याही काखेत एक घडी घातलेली साडी होती आणि चालताना ते एका बाजूला कलत होते.

मनकर्णेनं खिडकीतून पाहिलं आणि पदर खोचला.

"अहो, त्यायले म्हना, ओळीनं फिरा. अन् हासू नका लेकीपुढं. ती हासली का मंग दूध पेत नाई."