भिंतीपाशी थांबणारे गायकवाडकाका

आमच्या शेजारचे गायकवाडकाका भिंतीला नाक लावून उभे राहतात. पाऊस पडत असला तर हमखास. आणि वेल्समधल्या या कार्डिफमध्ये पाऊस पडत नाही असा वेळ फारसा सापडत नसल्यामुळे काका बहुधा कुठल्या ना कुठल्या भिंतीला चिकटलेलेच असतात. अंगात निळा रेनकोट, डोक्याला माकडटोपी, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं छोटं भिंग. ते डोळ्याला लावून चर्चची, शाळेची, कधी कधी अगदी अनोळखी माणसाच्या घराचीही भिंत तपासणं चाललेलं असतं. येणारेजाणारे आधी बघून न बघितल्यासारखं करतात. मग एखाद्या म्हातारीला राहवत नाही. ती जवळ येऊन 'यू ऑल राइट, लव्ह?' असं विचारते. तिला वाटतं, बिचाऱ्याला चक्कर आली असावी. काका मान न वळवता तिला खुणेनं जवळ बोलावतात आणि भिंग तिच्या हातात देतात. त्यानंतर ती बाई लवकर सुटत नाही.

भिंतीवर असतं काय एवढं? दगडफूल. हो, तेच, आपल्या काळ्या मसाल्यात पडतं ते, चुरगळलेल्या करड्या कागदासारखं. आपल्याला वाटतं, ते डब्यातच जन्माला येतं. प्रत्यक्षात त्याचं गोत फार मोठं आहे. इंग्रजीत त्याला लायकेन म्हणतात आणि ते दगडावर, सालीवर, कौलांवर, बसस्टॉपच्या छतावर, कुठंही वस्तीला येतं. फूटपाथवर चिकटलेलं च्युइंगगम समजून आपण ज्या पांढऱ्या ठिपक्यांवर पाय देतो, त्यातलं बरंचसं च्युइंगगम नसतंच. हे कळल्यापासून मी खाली बघून चालतो आणि समोरच्या माणसांवर आदळतो.

काकांची आणि आमची ओळख या दगडफुलापायीच झाली. आम्ही नवीन राहायला आलो होतो. मी इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. माझी बायको मनीषा मसाला करायला बसली आणि नेमकं दगडफूल संपलेलं. इंडियन दुकानात विचारलं, तर तिथल्या मुलानं मोबाइलवर फोटो बघून 'धिस इज फूड?' असं विचारलं. मनीषा चिडून घरी आली. मागच्या अंगणात कपडे काढायला गेली, तर समोर भिंतीवर हवं तितकं दगडफूल. तिनं स्वयंपाकघरातून बटर लावायची सुरी आणली आणि खरवडायला सुरुवात केली. दोनचार पापुद्रे निघाले असतील नसतील, तोच कुंपणावरून एक माकडटोपी वर आली.

"काय करून राहिल्या तुम्ही?"

परक्या देशात, परसात, नागपुरी मराठीतून असा आवाज आल्यावर मनीषाच्या हातून सुरी पडली. काकांनी तिला सांगितलं, की हे तुमच्या मसाल्यातलं नाही. त्याचा भाऊबंद म्हणा हवं तर, पण भाऊबंद म्हणून कुणालाही पातेल्यात घालता येत नाही. शिवाय तुम्ही सुरीनं एका झटक्यात जे काढलंत, ते इथं जमायला तुमचं वय जेवढं असेल त्याच्या आसपास काळ लागला असेल. मनीषाला यातलं वयच तेवढं ऐकू आलं. ती तणतणत आत आली. थोड्या वेळानं दाराची बेल वाजली. काका एक दगडफुलाचं पाकीट घेऊन उभे होते. म्हणाले, आमच्याकडे पडूनच आहे, तुम्ही वापरा. पाकिटावरची तारीख केव्हाच उलटून गेली होती आणि आतल्या मालाला वास म्हणून उरला नव्हता. मनीषानं तरीही ते मसाल्यात घातलं. ती म्हणाली, एकटा माणूस आहे, उगीच कशाला वाईट वाटायला लावायचं.

तेव्हापासून काका आमच्याकडे येतात. येतात म्हणजे शेजारच्या दारातून आमच्या दारात पोचायला त्यांना वेळ लागतो, कारण मध्ये एक भिंत आहे. चहा पिता पिता त्यांची शिकवणी चालते. दगडफूल ही एक वनस्पती नव्हेच, असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी सवयीनं मान हलवली. पण पुढचं ऐकून खरंच थांबलो. ते दोघांचं बिऱ्हाड असतं. एक बुरशी आणि एक शेवाळ. बुरशी घर बांधते, आडोसा करते, ओल धरून ठेवते. शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं आणि दोघं जेवतात. या दोघांना मूळ नाही, माती नाही, कुणी पाणी घालत नाही. कोरडं पडलं की झोपी जातात, मेल्यासारखी दिसतात. पाऊस आला की थोड्याच वेळात हिरवी होऊन कामाला लागतात. म्हणून काका पावसात बाहेर पडतात. बाकीचं गाव छत्री घेऊन घराकडे धावत असतं, तेव्हा काका उलट्या दिशेनं निघालेले असतात, कारण भिंती त्याच वेळी जाग्या असतात.

"त्याला घाई नाही," हे काकांचं पालुपद. म्हणायचं असतं दगडफुलाबद्दल, पण लागू कुठंही होतं. बॉयलर बिघडला आणि माणूस दोन दिवसांनी येणार म्हणाला: त्याला घाई नाही. बस गेली: आपल्याला घाई नाही. मनीषानं एकदा त्यांना बाजारात बरोबर नेलं आणि परत कधी न्यायचं नाही असं ठरवलं. पिशवीतले फ्रोझन मासे वितळायला लागले होते आणि काका बँकेच्या पायरीवर बसून संगमरवरावरच्या एका नारिंगी डागाची चौकशी करत होते. पूर्वी या शहरातून जगभर कोळसा जायचा, घरोघरी कोळसाच जळायचा. त्या धुरात दगडफूल टिकेना. धूर गेला, तशी एकेक जात परत यायला लागली. काकांना त्या परत आलेल्यांचं फार कौतुक आहे. कुणाची मुलगी माहेरी आल्यासारखं ते सांगतात.

रग्बीच्या मॅचच्या दिवशी तर कहर झाला. सगळं शहर लाल जर्सी घालून रस्त्यावर उतरलं होतं. मी ड्यूटीवरून येत होतो आणि बघतो तर नदीजवळच्या भिंतीपाशी काका, आणि त्यांच्याभोवती बियर प्यालेल्या आडदांड पोरांचं कोंडाळं. काकांना सोडवायला म्हणून मी गर्दीत घुसलो, तर ती पोरं रांगेत उभी होती. एकेक जण भिंगातून बघत होता आणि मागचा त्याला ढकलून 'माझी पाळी' म्हणत होता. त्यातल्या एकानं मला जोरात मिठी मारून सांगितलं, की दगडफुलावर हे छोटे छोटे कप आहेत ना, ब्रिलियंट आहेत. वेल्स त्या दिवशी हरलं, पण ही पोरं फार दुःखी दिसली नाहीत.

मी समजत होतो, हा माणूस असाच जन्माला आला. हळू, शांत, थांबत थांबत. एकटेपणाचा हा एक छंद, दुसरं काय. काकू पाच वर्षांपूर्वी गेल्या, आम्ही यायच्या आधी. सुमनकाकू. त्यांच्या नावाचं एक लाकडी बाक आमच्या घरामागच्या पार्कात आहे, पाठीवर पितळेची छोटी पट्टी. काका रोज तिथं जाऊन बसतात. आणि या बाकावरूनच काकांचं आणि त्यांच्या मुलीचं फाटलं.

मुलगी संघमित्रा, सगळे मित्रा म्हणतात. जन्म कार्डिफचा, नोकरी लंडनजवळ रीडिंगला, कुठल्याशा आयटी कंपनीत मोठ्या जागेवर. आईच्या स्मृतिदिनाला ती गाडी घेऊन येते, वर्षातून एवढं एकदाच. येताना बादली, ब्रश आणि साबण आणते. बुद्धवंदनेआधी आईचं बाक स्वच्छ हवं, हा तिचा आग्रह. चूक काय त्यात? पण मागच्या वर्षी तिनं खसाखसा घासलं आणि बाकाच्या पाठीवर नुकतं कुठं धरू लागलेलं दगडफूल बादलीत गेलं. पुढचे कितीतरी दिवस पाऊस पडला तरी काका घराबाहेर पडले नाहीत. मनीषा डबा देऊन यायची.

यंदा स्मृतिदिन जवळ आला तसे काका कुंपणापाशी आले. मला म्हणाले, पट्टीच्या कडेला ब्रश पोचला नव्हता तिथं एक उरलंय, नखाएवढं. या वेळी तेही जाईल. मी म्हणालो, मग तिला सांगा ना, घासू नको म्हणून. काका कुंपणाच्या फळीकडे बघत म्हणाले, "मी सांगतो ते तिला लेक्चर वाटतं. तू ये. तू असला की ती हळू बोलते." मला वडील-मुलीच्या भांडणात पडायचं नव्हतं. पण ज्या माणसानं मला खाली बघून चालायला लावलं, त्याला नाही कसं म्हणणार?

रविवारी सकाळी आम्ही तिघं पार्कात गेलो. बारीक पाऊस होता. मित्रानं गुडघ्याखाली प्लास्टिकची पिशवी टाकली आणि ब्रश साबणात बुडवला. काकांनी सुरुवात केली ती नेमकी नको तिथून. बुरशी, शेवाळ, दोघांचं बिऱ्हाड.

"बाबा, आय नो," मित्रा म्हणाली. ती खरंच हळू बोलत होती. "फंगस अँड अल्गी. तुम्ही मला दहा वेळा सांगितली. पण हे आईचा नाव आहे. आईच्या नावावर डर्ट बसला तर मला कसं वाटेल?"

काकांनी पट्टीच्या कडेवर हात ठेवला. तळहाताखाली ते नखाएवढं दगडफूल. हात काढेनात. मित्रानं ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. वडिलांशी बोलता येत नाही ते लोक माझ्यासारख्याशी बोलतात. ती म्हणाली, की बाबांना लायकेन कधीच आवडत नव्हते. झाडसुद्धा बघायचे नाहीत. ए अँड ईचे, म्हणजे इमर्जन्सीचे डॉक्टर, घरीसुद्धा धावतच असायचे. संडेला फिरायला निघालो की बाबा कुठंतरी पुढे आणि आई मागे, भिंतीपाशी. आणि मी मध्ये, दोघांना बघत. शी वॉज द वन हू स्टॉप्ड. आता ती नाही, तर हे थांबतात. त्या वेळेला का नाही थांबले?

मला कुठं बघावं कळेना. ज्या माणसाला घाई म्हणजे काय ते ठाऊक नाही असं मी तीन वर्षं सगळ्यांना हसून सांगत आलो, त्याच्याबद्दल हे चाललं होतं. मला वाटलं, आता काका उठून जातील.

काका गेले नाहीत. मान खाली घालून बोलायला लागले.

"खरं आहे. ती थांबायची. हाक मारायची, अहो, हे बघा, आपल्या मसाल्यातलं इथं उगवून राहिलं. मी म्हणायचो, चल, उशीर होऊन राहिला. दर वेळी तेच. मी एकदाही मागे आलो नाही मित्रा. ती काय दाखवत होती ते मी पाहिलंच नाही." पट्टीवरचा हात न काढता ते म्हणाले, "म्हणून आता पाहून राहिलो. ज्या ज्या भिंतीपाशी ती थांबली होती, तिथं जाऊन."

पाऊस पडत होता. मित्रा पिशवीवर तशीच गुडघे टेकून बसली होती. मी उगीचच बादली बाजूला सरकवली.

मग तिनं रेनकोटची बाही ओढून फक्त पट्टी पुसली, एकेक अक्षर. कडेला आली तशी थांबली. काकांचा हात तिनं आपल्या हातानं बाजूला केला. काकांनी भिंग गळ्यातून काढायचा प्रयत्न केला, पण नाडी माकडटोपीत अडकली. तेव्हा मित्राच वाकून त्यांच्या छातीशी डोकं आणून बघायला लागली. बराच वेळ बघत होती. आणि काकांनी, नवल म्हणजे, काहीच समजावून सांगितलं नाही.

आम्ही त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. मेणबत्ती वाऱ्यानं पुन्हा पुन्हा विझत होती. शेवटी मी आणि मित्रानं हातांचा आडोसा केला तेव्हा कुठं ती टिकली. साबणाचं पाणी गवतावर ओतायला निघालेल्या मित्राला काकांनी अडवलं आणि रस्त्याकडच्या गटारापर्यंत पाठवलं. ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होतो.

गाडीपाशी आल्यावर तिनं विचारलं, की ते एका वर्षात किती वाढेल. काकांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवली. मधून उजेडही नीट दिसत नव्हता.

"ओके," मित्रा म्हणाली. "मग नेक्स्ट इयर मी आली की बघते."

तिनं गाडी सुरू केली. काका खिडकीच्या काचेवर हात ठेवून उभे राहिले. हात उचलला असता तर ती निघाली असती. त्यांनी उचलला नाही. मित्रानं काच खाली केली.

"पुढच्या महिन्यातच ये ना," काका म्हणाले. "तेवढंच असेल. वाढलेलं काही दिसणार नाही. तरी ये."