घड्याळ बंद पडलंय, कुणीतरी बघा

“जगात गुप्तहेर दोन प्रकारचे,” दाजी म्हणाले. “एक, जे सुगाव्याच्या मागे धावतात. दुसरे, ज्यांना बघून सुगावाच हात वर करून बाहेर येतो. मी दुसऱ्या प्रकारातला. त्यात आणखी कोणी नाही. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.”

एवढं बोलून ते ऐटीत मागे रेलले. आपण पाठ नसलेल्या स्टुलावर बसलोय, एवढंच काय ते त्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

मेहुण्याने त्यांना उचलून उभं केलं. हे काम त्याच्याकडे दाजींच्या लग्नापासून होतं. त्या लग्नात ताईला नवरा मिळाला, आईला जावई मिळाला आणि याला पूर्णवेळ काम मिळालं. दाजींना ऑफिसात चिकटवलंही त्यानेच. ‘दाजी, दाजी’ करत आणलं म्हणून सगळं ऑफिस त्यांना दाजीच म्हणायचं. अगदी प्रमुखबाईसुद्धा, ज्या दाजींच्या आईच्या वयाच्या होत्या.

दाजींच्या टेबलावरच्या पाटीवर ‘तपासनीस’ असं लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ इतकाच, की नवीन प्रोग्रॅम आला की त्याची बटणं दाबायची आणि काय मोडतं ते कळवायचं. दाजींनी मात्र तो शब्द मनावर घेतला होता.

ऑफिस लिनक्सवर बेतलेली, कुणालाही फुकट घेता येईल अशी संगणकप्रणाली बनवायचं. वर्षातून दोनदा नवी आवृत्ती निघे. नियम असा होता, की तिच्यासोबत आपोआप येणारं एकही अ‍ॅप मोडकं असेल तर आवृत्ती अडवायची. नियम चांगला होता, त्यामुळे तो सगळ्यांना नकोसा झाला होता. कुठल्या अ‍ॅपसाठी आवृत्ती अडवायची आणि कुठलं मोडकंच जाऊ द्यायचं, हे ठरवायला आजची बैठक होती.

“चार-पाच ठेवा, बाकी उडवा,” कात्री म्हणाला. हा गृहस्थ वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा अर्ध्याच द्यायचा, म्हणून त्याचं नाव कात्री.

ब्राउझर सगळ्यांना मान्य झाला. त्यानंतर जुंपली. ज्याने जे बनवलं होतं त्यावाचून जगाचं अडतं, असं ज्याला त्याला वाटत होतं. कॅल्क्युलेटरवाला तर टेबलावर मूठ आपटून बोलला.

“तू स्वतः वापरतोस का रे?” कात्रीने विचारलं.

“मी कशाला? माझ्याकडे फोन आहे.”

तरी कॅल्क्युलेटर यादीत गेला.

घड्याळाचं अ‍ॅप प्रमुखबाईंनी तरुणपणी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. ते कुणी ‘हूं’ की ‘चूं’ न करता यादीत गेलं.

“आणि भिंग?” मेहुण्याने विचारलं.

भिंग त्याचं. पडद्यावरची अक्षरं मोठी करून दाखवणारं. नव्या आवृत्तीत ते बिघडलं होतं. अक्षरं मोठी व्हायची, पण माउस कितीही फिरवा, भिंग जागचं हलायचं नाही. म्हणजे वाचणाऱ्याने बातमीचे पहिले दोन शब्द वाचायचे आणि पुढचं मनाने रचायचं. मेहुण्याची आई रोज सकाळी त्या भिंगातूनच बातम्या वाचायची, कारण छापील अक्षर तिला आता दिसतच नव्हतं. तिचा संगणक नवी आवृत्ती आपोआप घ्यायचा. ते बंद करू म्हटलं तर “जावईबापूंनी लावून दिलंय, हात लावायचा नाही,” असं तिचं उत्तर ठरलेलं. मेहुण्याला दुरुस्तीसाठी आठवडा हवा होता आणि आवृत्ती उद्या जायची होती.

“भिंग किती लोक वापरतात?” कात्रीने विचारलं.

“ज्यांना दिसत नाही ते.”

“हो, पण किती?”

“त्यांची मोजदाद कुणी केलेली नाही.”

“म्हणजे कमीच,” कात्री म्हणाला. भराभर हात वर झाले, यादी पाचांवर थांबली आणि भिंग बाहेर राहिलं. मेहुण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर हात करणाऱ्यांतल्या एकानेही ते कधी उघडून पाहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात सगळ्यांच्या पडद्यांवर एक निरोप उमटला. ‘कार्यालय’ नावाच्या खात्यावरून. “घड्याळ बंद पडलंय. कुणीतरी बघा.”

घड्याळ यादीत होतं आणि यादीतलंच मोडलं होतं.

“आवृत्ती अडली,” प्रमुखबाई पडेल आवाजात म्हणाल्या. “हे ‘कार्यालय’ कोण आहे?”

कुणालाच माहीत नव्हतं. दाजी उठले, या खेपेला न पडता. “ही केस माझी.”

मेहुण्याने हताशपणे छताकडे डोळे फिरवले आणि वाटेत नजर भिंतीवर अडकली. दाराच्या वर गोल घड्याळ होतं. जेवणाची सुट्टी अजून व्हायची होती आणि त्यात साडेचार वाजले होते. काटे ढिम्म. ‘कार्यालय’ म्हणजे कोण, हेही त्याला ठाऊक होतं. ऑफिसातल्या खुर्च्या, दिवे, पंखे हे सगळं ताई बघायची. निरोप टाकून ती आत्ताच आईकडे निघाली होती, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला, आठवडाभराची रजा टाकून.

त्याने सांगायला तोंड उघडलं. मग ‘आठवडा’ हा शब्द त्याच्या डोक्यात वाजला आणि त्याने तोंड मिटलं.

“थांबलोच आहोत तर ज्यांच्या दुरुस्त्या राहिल्यात त्यांनी उरकून घ्या,” प्रमुखबाई म्हणाल्या. मेहुणा त्यांचं वाक्य संपायच्या आत जागेवर जाऊन बसला होता.

दाजींचा तपास तडाख्यात सुरू झाला. “मेहुणोबा, शब्द बघायचे. ‘पडलंय’. पडलं, म्हणजे कुणीतरी ढकललं. इथे लोकांना ढकलायची सवय कुणाला आहे?”

संशयित नंबर एक, कात्री. दाजींनी त्याला कोपऱ्यात घेतलं.

“घड्याळ बंद पडलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“किती वाजता पडलं?”

“ते कसं सांगणार? घड्याळ बंद आहे!”

कात्री डोकं खाजवत जागेवर परतला, हे दाजींनी त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून धरलं.

मग त्यांनी ऑफिसातल्या एकेका संगणकावर घड्याळ उघडून पाहिलं. सगळीकडे ते टिकटिक चालत होतं. दुसरा कुणी असता तर थांबला असता. दाजी आणखी पेटले. “गुन्हेगार बेरकी आहे. आपण बघायला गेलो की चालू करतो.” मग ते पाठमोरे बसून एकदम मान वळवून बघू लागले. दोन दिवसांत मान धरली.

तिसरी अटकळ दाजींनी मेहुण्याच्या कानाशी येऊन सांगितली. “माझी खात्री झालीय. इथे कुणीतरी वेळ मारून नेतंय.”

मेहुण्याने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. “क-कोण, दाजी?”

“कळेल. तू काय करतोयस?”

“भिंग दुरुस्त करतोय.”

“शाबास! तपासाला भिंग लागतंच!” दाजींनी त्याची पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी दाजींचा फोन वाजला. पलीकडून ताई विचारत होती, “अहो, त्या घड्याळाचं काही केलंत का?” केसबद्दल बायकोशी चकार शब्द बोलायचा नाही हे दाजींचं तत्त्व. त्यांनी फोन ठेवला आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने मेहुण्याकडे वळले. “बातमी फुटलीय, मेहुणोबा. तुझ्या ताईपर्यंत पोचलीय!”

शेवटी प्रमुखबाईंचा धीर सुटला. “काही सापडत नाही ना? मग तक्रार रद्द समजू आणि उद्या आवृत्ती सोडू.”

भिंग आता हलायला लागलं होतं, पण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेलं की रुतून बसायचं. अजून दोन दिवस तरी हवेच होते. मेहुण्याने खाली मान घालून, सहज आठवल्यासारखं विचारलं, “दाजी, परदेशातल्या वेळा बघितल्यात का हो तुम्ही?”

दाजींचे डोळे लकाकले. “चोर देश बदलतोय! बाई, उद्याचं नाव काढू नका!” आणि ते पृथ्वीवरच्या यच्चयावत गावांची वेळ तपासायला बसले. वाटेत त्यांना दोन बेटं अशी सापडली, की शेजारी शेजारी असून एकावर आज होता आणि दुसऱ्यावर काल. दाजींनी दोन्ही बेटांना संशयित ठरवलं.

भिंग दुरुस्त झालं. मेहुण्याने ते तपासून, आवृत्तीत चढवून, पुन्हा तपासलं आणि खुर्चीत अंग टाकलं. त्याला रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही, कारण दाजी समोरच फळ्यावर त्या बेटांचे नकाशे काढत होते आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दाजींनी निकाल सांगायला सगळ्यांना बोलावलं. “गुन्हेगार याच खोलीत आहे!” त्यांनी बोट रोखलं. मेहुणा हळूच कात्रीच्या पाठीमागे सरकला.

तेवढ्यात दार ढकलून ताई आत आली. तिने भिंतीकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, स्टूल ओढलं, वर चढली, घड्याळ उतरवलं, पर्समधून सेल काढून बसवला आणि घड्याळ पुन्हा टांगलं.

“आठवड्यापूर्वी लिहून गेले मी. इतकी डोकी इथे, एकालाही मान वर करून बघता येत नाही? आणि अहो, तुम्ही तर माझा फोनच आपटलात!”

सेकंदकाट्याचा आवाज आता स्पष्ट येत होता.

“तरी मी सांगतच होतो,” दाजी म्हणाले, “गुन्हेगार याच खोलीत आहे.”

फजिती झाली की समिती नियम करते. त्याच बैठकीत एकमताने ठरलं, की यापुढे भिंतीवरचं घड्याळ बंद असेल तरीही आवृत्ती अडवावी. यादी मात्र पाचांचीच राहणार, म्हणून कॅल्क्युलेटर उडाला. भिंगाचं नाव कुणी घेतलं नाही. आवृत्ती त्याच दिवशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

“नवीन आलंय रे माझ्याकडे. काय सुरेख चालतंय! सोबत आलेली तुमची ती यादीही वाचली मी, वरपासून खालपर्यंत. भिंतीवरचं घड्याळ आहे त्यात. तुझं भिंग कुठाय?”

“वाचलीस ना नीट? झालं तर मग.”

“झालं कसं? यादीत नाही म्हणजे पुढच्या खेपेला मोडलं, तर कुणी थांबायचं नाही ना तुझ्यासाठी?”

मेहुण्याने पलीकडे पाहिलं. दाजी स्टुलावर उभे राहून, कान लावून घड्याळाची टिकटिक ऐकत होते आणि तोंडाने “संशयास्पद... अतिशय संशयास्पद...” असं पुटपुटत होते.

“थांबतील गं,” तो म्हणाला. “आपले दाजी आहेत ना.”

“मी तर पहिल्यापासून म्हणतेय,” आई म्हणाली, “जावईबापूंसारखा माणूस नाही.”

या वाक्यावर मेहुणा आजवर कधी ‘हो’ म्हणाला नव्हता. आज म्हणाला.