बिनकिल्लीची पिकअप

आमच्या दूध संस्थेच्या पिकअपला किल्ली आहे, ही गंभीर बाब दिवाळीनंतरच्या मासिक सभेत पहिल्यांदा निदर्शनास आली. त्याआधी अकरा वर्षं ती किल्ली कार्यालयातल्या खिळ्याला लटकत होती आणि कुणाचं काही अडलेलं नव्हतं. कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, कुणाला कडबा आणायचा, कुणाला माहेरच्या मयताला जायचं, की माणूस यायचा, किल्ली काढायचा आणि जाता जाता मला नुसती मान हलवून सांगायचा. दुधाच्या वेळेला किल्ली परत खिळ्यावर. याला अनागोंदी म्हणतात हे मला सचिव असूनही माहीत नव्हतं.

ते माहीत करून दिलं चेअरमन विजयसिंह यांनी. ते शिरोळला पाहुण्यांकडे बारशाला गेले होते. तिथल्या कुणाच्या तरी पिकअपचं दार ड्रायव्हर नुसता जवळ गेला की उघडत होतं, आणि बटण दाबलं की गाडी चालू होत होती. चेअरमन बारशाचं जेवण सोडून तासभर त्या गाडीजवळ उभे राहिले.

"खिशातनं किल्ली काढली न्हाय बघा त्यानं," ते सभेत म्हणाले. "आन आपला जोतीराम अजून किल्ली पिळत बसलाय. शिरोळची लोकं काय म्हनतील?"

शिरोळचं कुणी आमच्या गावाकडे फिरकत नाही. आमचं वाघाळी हातकणंगल्याच्या आतल्या अंगाला, तिथं वाट चुकल्याशिवाय कुणी येत नाही. तरीही पिकअप बिनकिल्लीची करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक कोण, अनुमोदक कोण, ते मी मागाहून भरलं.

जोतीराम म्हणजे आमचा ड्रायव्हर. गाडी आली त्याच दिवशी तो लागला. गाडी संस्थेची झाली, तो मात्र रोजंदारीवर राहिला. गेल्या वर्षी सभेने उदार होऊन ठरवलं होतं की, त्याने सलग बारा महिने एकही खाडा न करता दूध वेळेत पोचवलं तर त्याला कायम करण्याबाबत विचार करण्यात येईल. जोतीरामला कायम व्हायचं होतं ते रजेसाठी. रोजंदारीला रजा नसते. त्याची पोरगी राजनंदिनी सातवीत आहे, दरवर्षी शाळेच्या गॅदरिंगला नाचते, आणि गॅदरिंग नेमकं संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला असतं. बापानं तिचा नाच अजून मोबाइलवरच बघितलाय. यंदाचं गॅदरिंग डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी होतं आणि त्याचे बारा महिने त्याच्या आधल्या दिवशी भरत होते. तो रोज माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभा राहून बोटांवर दिवस मोजायचा.

पिकअप कोल्हापूरला उद्यमनगरात नेली. शार्दूल नावाच्या फिटरने एका दिवसात काम चोख केलं. मुळात आमच्या गाडीच्या डाव्या दाराला कुलूपच नव्हतं, ते सुंभानं बांधलेलं होतं. म्हणजे बिनकिल्लीच्या प्रवेशाची सोय आधीपासून होती, फक्त ती अधिकृत नव्हती. शार्दूलने सुंभ सोडून तिथं नवं कुलूप बसवलं, आणि दोन रिमोट आमच्या हातावर ठेवले.

"रिमोट खिशात असला की दार उघडतंय. क्लच दाबून बटन दाबायचं, गाडी चालू. रिमोट घेऊन लांब गेला की दार आपआप लॉक. ड्रायव्हरच्या खिशात एक ठेवा, एक घरात ठेवा. बास, दुसरं कायबी न्हाय," तो म्हणाला. मग गाडीत डोकं घालून म्हणाला, "दाराचं आतलं खटकं तुटल्यात. बसवू का?"

"ठरावात खटकं न्हाईत," चेअरमन म्हणाले.

"बरं. जुनी किल्लीबी चालत्या हां. जपून ठेवा."

हे मात्र चेअरमनांना लागलं. किल्ली चालत राहिली तर योजनेला अर्थ काय, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो बिनतोड होता. पुढच्या रविवारी किल्लीचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, हलगी, चेअरमनांचं चाळीस मिनिटांचं भाषण. किल्लीला फेटा बांधता येत नाही म्हणून तो चेअरमनांनाच बांधला. मग सगळ्यांनी मिळून किल्ली पंचगंगेत सोडली. मीही हात जोडले. जोतीराम तेवढा पाण्याकडे बघत म्हणाला, "कशाला टाकली वो? खात हुती काय?" त्याचं बोलणं इतिवृत्तात घेतलेलं नाही.

आता प्रश्न आला रिमोटच्या ताब्याचा. संस्थेत दोन गट आहेत. एक चेअरमनांचा, दुसरा व्हाइस चेअरमन अमरसिंह यांचा. रिमोटही दोनच होते, त्यामुळे वाटप शांततेत पार पडलं. जोतीरामला रिमोट देण्याचा विषय निघाला नाही, कारण संस्थेची मौल्यवान वस्तू रोजंदारीवरच्या माणसाच्या ताब्यात देता येत नाही. अकरा वर्षं अख्खी गाडी त्याच्या ताब्यात होती, पण ती मौल्यवान आहे असं कुणी ठरवलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला चेअरमन टॉवेल गुंडाळून, तोंडात ब्रश धरून आले, गाडीजवळ उभे राहिले, आणि दार उघडलं. जोतीराम आत बसला. बटण दाबलं, गाडी चालू झाली, आम्ही टाळ्या वाजवल्या. चेअरमन चूळ भरायला घराकडे वळले आणि गाडीची दारं आपोआप लॉक झाली. आतले खटके तुटलेले. जोतीराम तसाच कोंडलेल्या अवस्थेत दूध घेऊन गेला. चिलिंग सेंटरवर तो खिडकीतून पाय काढून उतरला, खिडकीतूनच परत चढला. तिथल्या हमालांना वाटलं, गड्यानं सकाळीच टाकलीय.

गाडी एकदा बंद पडली तर रिमोटशिवाय चालू होत नसे, म्हणून जोतीराम ती बंदच करत नव्हता. कॅन उतरवेपर्यंत चालू, डिझेल भरताना पंपावरच्या माणसाच्या शिव्या खात चालू. तिसऱ्या दिवशी रेल्वे फाटकात ती गचका खाऊन बंद पडलीच. दूध सेंटरला साडेसातच्या आत पोचावं लागतं, नाहीतर परत पाठवतात. जोतीरामचा फोन आला तशी मी मोटारसायकल काढली, चेअरमनांना दाढीच्या साबणासकट मागे बसवलं आणि फाटकात नेऊन गाडीजवळ उभं केलं. गाडी चालू झाली. दूध सात सत्तावीसला पोचलं.

"आबा, त्यो रिमोट माझ्या खिशात द्या की," जोतीराम काकुळतीला येऊन चेअरमनांना म्हणाला. "काचंगत जपतो."

"नियमात बसत न्हाय," चेअरमन म्हणाले. "पन रिमोट गाडीसंगं गेला पायजे हे तुजं म्हननं रास्त हाय."

त्याच आठवड्यात 'रिमोटवाहक' हे पद निर्माण झालं. मौल्यवान वस्तू हाताळायची, म्हणजे माणूस कायम नेमणुकीचाच हवा. चेअरमनांचे मेव्हणे पिराजी, वय त्रेपन्न, यांची निवड झाली. त्यांना गाडी येत नव्हती, पण जाहिरातीत तशी अट नव्हती. पहिल्या महिन्यातच त्यांनी चार रजा घेतल्या. त्या दिवशी चेअरमन टॉवेल लावून हजर व्हायचे आणि जोतीराम खिडकीतून उतरायचा. बाकी दिवशी पिराजी जोतीरामच्या शेजारी मांडी घालून बसायचे आणि सेंटर येईपर्यंत घोरायचे.

रिमोट घरी नेण्याचा अधिकार पिराजींना नव्हता. तो रोज कार्यालयाच्या लोखंडी कपाटात ठेवायचा. कपाटाची किल्ली माझ्याकडे, खोलीची शिपायाकडे, शटरची चेअरमनांकडे. गाडीची किल्ली घालवल्यापासून रोज सकाळी तिला तीन किल्ल्या लागायला लागल्या. मी हे एकदा चेअरमनांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "सेक्रेटरी, सुधारना म्हंजे तरास असतोयच." मी पुढं बोललो नाही. माझा स्वभाव तसा नाही.

मग मार्गशीर्षातली अमावास्या आली. जोतीरामचे नऊ दिवस उरले होते.

दर अमावास्येला जोतीराम गाडी धुवायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचा, पुढं नारळ फोडायचा. आमच्याकडे सगळेच ड्रायव्हर करतात. त्या पहाटे तो नारळ घेऊन उभा राहिला तर पिराजींनी त्याला थांबवलं.

"गाडी कशानं चालू हुत्या?"

"रिमोटनं."

"मग पूजा कुनाची?"

यात खोट काढायला जागा नव्हती. पिराजींनी पाट मांडला, रांगोळी काढली, रिमोट ताम्हनात ठेवला आणि त्यावर पंचामृताचा अभिषेक केला. दूध संस्थेचंच, तानाबाईच्या म्हशीचं, सातच्या वरच्या फॅटचं. त्यात दही, तूप, मध, साखर. जोतीराम म्हणत होता, "आवो आत जाईल, आत जाईल." पिराजी म्हणाले, "श्रद्धा पायजे." वर गंगाजळ म्हणून नळाचं पाणीही घातलं. मग रिमोट उपरण्याला पुसून ते गाडीजवळ गेले.

दार उघडलं नाही. बटण दाबायचा प्रश्नच आला नाही. पिराजींनी रिमोट झाडला, फुंकला, चाटलासुद्धा.

गाडीत अख्ख्या गावाचं अकराशे लिटर दूध भरलेलं होतं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पळत अमरसिंहांकडे गेलो. ते गोठ्यात होते.

"व्हाइस चेअरमन, तुमच्याकडचा रिमोट द्या. दूध अडकलंय."

"देतो की," ते शांतपणे म्हणाले. "चेअरमनला लेखी द्यायला सांगा. आमचा रिमोट खराब झाला, तुमच्याशिवाय भागत न्हाय, असं."

तसाच पळत चेअरमनांकडे आलो. चेअरमन म्हणाले, "दूध नासलं तरी चालंल, लेखी देनार न्हाय. निवडनूक तोंडावर हाय." मी पुन्हा अमरसिंहांकडे. ते म्हणाले, मग तोंडी सांगायला तरी स्वतः येऊ देत. चेअरमन म्हणाले, त्यांना वाड्यावर यायला सांगा. माझं वय अठ्ठावन्न आहे. चौथ्या फेरीला मी पारावर बसलो आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

परत आलो तेव्हा सात वाजायला आले होते आणि गाडीभोवती निम्मा गाव जमला होता. तानाबाई जोतीरामला म्हणत होती, "लेका, काय तरी कर की. सकाळचं समदं दूध हाय रं." जोतीरामने एकदा माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग तो खिडकीतून आत शिरला, सवयीचंच झालं होतं, डॅशबोर्डखाली हात घालून दोन वायरी ओढल्या, एकमेकींना जोडल्या आणि गाडी चालू झाली. लोकांनी रस्ता दिला. दूध सात एकोणतीसला सेंटरवर पोचलं, तपासलं गेलं आणि घेतलं गेलं.

चौथ्या दिवशी चौकशी समिती बसली. चेअरमन आणि व्हाइस चेअरमन एका बाकावर बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"रिमोट बंद हुता. मग गाडी चालू कशी झाली?" चेअरमनांनी विचारलं.

"केली की."

"म्हंजे रिमोट नसला तरी चालतंय, असं तुजं म्हननं?" अमरसिंहांनी विचारलं.

"चालतंय की," जोतीराम म्हणाला.

तिथंच तो बुडाला. समितीचा निष्कर्ष मीच लिहिला, माझं अक्षर बरं आहे. गाडी फक्त रिमोटने चालू होते. त्या दिवशी रिमोट बंद होता. सबब गाडी चालू झाली नाही. सबब ती गेली नाही. दूध पोचलं असल्यास तो सेंटरचा अंतर्गत प्रश्न आहे. जोतीरामचा त्या दिवशीचा खाडा धरण्यात यावा. शिवाय वायरी जोडून गाडी चालू करण्याची कला चोराला शोभणारी असल्याने त्याला कामावरून कमी करण्यात यावं. पिराजींनी श्रद्धेपोटी केलेल्या कृत्याबद्दल त्यांना समज देण्यात आली, ती त्यांनी स्वीकारली.

जोतीरामने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. "शनवारी गॅदरिंगला जाता यील म्हना," एवढंच म्हणाला आणि चालत घरी गेला. मला शरम वाटली. मी ती कुणाला सांगितली नाही.

नियमाप्रमाणे नोटीस फळ्यावर लावली: जोतीरामला कमी करण्याबाबत कुणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे, न कळवल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल. रोज दूध घालायला येणारा प्रत्येक माणूस ती वाचतो. ज्याला येत नाही तो दुसऱ्याकडून वाचून घेतो. सगळे माझ्या टेबलाशी येतात आणि आवाज खाली घेऊन म्हणतात, लई वाईट झालं.

काल तानाबाई आली. "त्या लेकरानं गावाचं दूध वाचीवलं, आन त्यालाच काढलं व्हय?"

"हरकत घ्या की मग. मी लिहून देतो, तुम्ही अंगठा उठवा."

तिनं पुढं केलेला हात पदराखाली घेतला. "उद्यापास्नं माजं दूध घ्याल न्हवं?" तिनं विचारलं. मी रजिस्टरात डोकं घातलं. ती किटली उचलून गेली.

आज सातवा दिवस. पाच वाजता मी नोटीस काढून फाइलला लावतो. अजून एकही कागद आलेला नाही. आता हे सगळं तुमच्याही वाचनात आलेलं आहे, मधूनमधून तुम्ही हसलातही असाल. पाचला अजून थोडा अवकाश आहे. लेखी काही देताय, का तुमचीही हरकत नाही असं लिहू?