दोन बोटांचं मटण

रविवारी सकाळी मटण शिजायला लागलं की मास्तरांना तपकिरी पॅन्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहावं लागे. मास्तर म्हणजे शिंपीकाम करणारे मास्तर. गावाच्या कमरा मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि आता त्यांची स्वतःची कंबर रोज चर्चेला येत होती. रक्तात चरबी वाढली आहे, मटण आठवड्यातून एकदाच, आणि तेसुद्धा पोट उतरत असेल तर, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वजनकाट्यावर बायकोचा विश्वास नव्हता, कारण काट्यावर उभे राहिले की मास्तर हळूच भिंतीला हात टेकत. म्हणून तिने पॅन्टची परीक्षा काढली. कमरपट्ट्यात तिची दोन बोटं सहज गेली तर मटण ताटात; नाही गेली तर पातेलं तिच्या बहिणीकडे आणि मास्तरांना दुधी.

पहिल्या रविवारी पातेलं बहिणीकडे गेलं. पदराखाली झाकलेलं ते पातेलं गल्लीच्या वळणावर दिसेनासं होईपर्यंत मास्तर खिडकीत उभे होते. लेक सासरी निघाली तेव्हाही ते असेच उभे राहिले होते. पण तेव्हा रडता तरी आलं होतं.

शिंप्याला दुःख झालं की त्याचा हात कात्रीकडे जातो. शनिवारी दुपारी बायको बाजारात गेली की मास्तर पॅन्टची मागची शिवण उसवत, आत दाबून ठेवलेलं कापड जरासं सोडत आणि पुन्हा टीप मारत. रविवारी दोन बोटं जात. बायको मान डोलवत वाढायला घेई. नळी आधी, मग रस्सा. रस्सा तर हल्ली असा दाट होई की मास्तर डोळे मिटून म्हणत, "तुझ्या हाताला काहीतरी नवीन गवसलंय गं." बायको नुसती हसे.

पण कापडालाही अंत असतो. एका शनिवारी शिवण उसवायला घेतली, तर आत सोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मास्तर सुई धरून बसून राहिले. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पॅन्ट होती, मास्तरांच्याच ताग्यातली, तपकिरी. कापड आवडलं म्हणून डॉक्टरांनीही तशीच एक शिवून घेतली होती.

"धुलाईत आटली हो," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "जरा सैल करा. आणि घरी बोलू नका."

फक्त कमरेतच आटणारं कापड मास्तरांनी आजवर पाहिलं नव्हतं. पण एका खवय्याने दुसऱ्याची अब्रू राखायची असते. त्यांनी पॅन्ट सैल केली, अगदी सढळ हाताने, बिचाऱ्याला पुन्हा यायला नको. मग मटणाच्या काळजीत मान खाली घालून एक पॅन्ट डॉक्टरांकडे धाडली आणि दुसरी घरी नेली.

रविवारी बायकोने दोन बोटं घातली. मग चार. मग तिची अख्खी मूठ कमरपट्ट्यात जाऊन बाहेर आली. मास्तरांचा चेहरा आधी खुलला. मग त्यांना आठवलं, या आठवड्यात आपण काहीच सोडलेलं नाही. बायकोने गॅस बंद केला.

"चला डॉक्टरांकडे."

"अगं, अर्धं शिजलंय ते."

"शिजेल नंतर. आधी तुम्ही."

एका हाताने पॅन्ट धरून मास्तर रस्त्याने चालले होते. दुसरा हात बायकोने धरला होता. लग्नानंतर भर रस्त्यात पहिल्यांदाच. काय झालं असेल आपल्याला, हे तिला विचारायचा धीर त्यांना होत नव्हता.

डॉक्टरांच्या घरी त्याहून सुतक. डॉक्टर उकडलेल्या घेवड्यासमोर बसले होते आणि शेजारी डॉक्टरीणबाई पहाऱ्याला होत्या. सैल करून आलेली पॅन्टही आवळते म्हणजे एका दिवसात आपण किती फुगलो, या धसक्याने त्यांनी सकाळीच मटण सोडल्याचं जाहीर केलं होतं. पाहुणे दिसताच ते उठले. पोटावरचं बटण तडकलं, टेबलावर आपटलं आणि घरंगळत मास्तरांच्या बायकोच्या पायाशी येऊन थांबलं.

तिने ते उचलून निरखलं. दुकानातली काजंबटणं तीच करायची.

"हे यांचं बटण," ती म्हणाली. "दुहेरी दोऱ्याने लावलंय मी. यांच्या पोटाचा भरवसा नाही म्हणून."

सगळ्यांनी एका पॅन्टकडे पाहिलं, मग दुसरीकडे. डॉक्टरीणबाईंनी फक्त एवढंच विचारलं, की म्हणजे धुलाईत काही आटलं नव्हतं तर. डॉक्टर घेवड्याशी बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटले.

मास्तर मटकन खुर्चीत बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. शनिवार, कात्री, उसवलेली शिवण. बायको शांतपणे ऐकत होती.

"पहिल्यांदा उसवलीत तेव्हाच कळलं होतं मला," ती म्हणाली. "जुन्या टाक्यांची भोकं दिसतात हो कापडावर. मी काय बटणंच बघते?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर बाहेर जाऊन खाल्लं असतं, कुणाच्या तरी जळक्या तेलात. घरी निदान चरबी काढून टाकता येते. आणि दुधी वाटून घालता येतो."

"कशात?"

"तुमच्या त्या दाट रश्श्यात."

मास्तरांनी आ वासला. इतके रविवार डोळे मिटून त्यांनी दुधीची तारीफ केली होती.

"मग आज एवढी का घाबरलीस?"

तिने आधी पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. "आतलं कापड संपलंय हे मला ठाऊक होतं ना. तरी मूठ गेली. म्हटलं, आता हे खरंच झिजायला लागले."

मास्तरांनी तिच्या हातातलं बटण हळूच आपल्या मुठीत घेतलं. डॉक्टरांनी खाकरून विचारलं, "वहिनी, तो दुधीचा रस्सा... आमच्याकडे शिकवाल का? म्हणजे, औषध म्हणून."

तासाभराने चौघं मास्तरांच्या घरी होती. पातेलं पुन्हा रटरटत होतं, वास गल्लीभर पसरला होता, आणि स्वयंपाकघराच्या दारात, पॅन्टा अदलाबदल करून, मास्तर आणि डॉक्टर ओळीने उभे होते. इथून पुढे पॅन्ट बंद, टेप थेट पोटाला, असा नवा कायदा निघाला होता. पहिला नंबर मास्तरांचा. त्यांनी पोट आत ओढलं, छाती फुगवली आणि छताकडे बघत राहिले.

बायकोने टेप गुंडाळली, दुसऱ्या हाताने झाकण जरा सरकवलं आणि वाफ त्यांच्या नाकाकडे येऊ दिली.

"सोडा श्वास सावकाश," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."