एकसारखी काडतुसं

सातत्य हा माणसाचा सर्वांत मोठा गुण आहे. आज मीठ जास्त, उद्या कमी, अशा बायकांनी जग चालवलं (माणसं जेवलीसुद्धा), पण त्याला शास्त्र म्हणत नाहीत. शास्त्र आमच्या आशुतोषने केलं. माझा मुलगा, हॉलंडात फेल्डहोवनला चिपांच्या यंत्रांवर इंजिनिअर. करोनात ऑफिस घरात आलं, तेव्हा त्याने रायफल क्लबच्या परवान्यावर काडतुसंही घरीच भरायला घेतली. विकतची म्हणे एकासारखी एक नसतात.

आधी पितळी पुंगळ्यांची वजनं झाली. शेकडा चाळीस नापास (आमच्या घराण्यात इतकं नापास याआधी फक्त त्याचे काका श्यामकांत झाले होते). माझी सून विशाखा पोळ्या लाटते त्या ओट्यावर तराजू बसला. त्याला माणसाचा श्वास सोसत नाही, म्हणून आम्ही घरात मास्क लावायचो. दुकानात जाताना आशुतोष तो विसरायचा. दारू मोजताना पंखा बंद, खिडकी बंद, पोळ्या बंद. विशाखाला शिंक आली तर तिने जिन्यात जाऊन शिंकावं, असा ठराव एकमताने झाला. मत एकच होतं.

क्लबची रेंज बंदच असल्यामुळे या संशोधनात नेम धरण्याचा व्यत्यय आला नाही.

मग क्लब उघडला. संघात एकच जागा होती. ती मिळाली की आशुतोष जर्मनीत खेळायला जाणार. ऑफिसात रजाही टाकून झाली. दीड मीटरच्या नियमाने दोन नेमबाजांमध्ये एक जागा रिकामी सोडलेली. आशुतोषने पाच गोळ्या झाडल्या. पाचही मधोमध, एका रुपयाखाली झाकतील अशा. पलीकडच्या योहानच्या कागदावर.

क्लबचा नियम सरळ आहे. कुठलं भोक कुणाचं ते कळत नसेल, तर कागद ज्याचा, चांगली पाच त्याची. दुकानातली काडतुसं घेऊन आलेला योहान जर्मनीला गेला. क्लबप्रमुख हेंक आशुतोषच्या पाठीवर हात ठेवणार होते, पण दीड मीटर. लांबूनच नेमाचं कौतुक केलं.

घरी येऊन आशुतोष जेवला नाही. मी विचारलं, "आपला कागद कुठला, ते बघितलं नव्हतंस का रे?"

"आई, पाचही एकाच जागी लागल्या. म्हणजे भरण्यात चूक नाही."

"मग ओटा रिकामा करा," विशाखा म्हणाली.

ओटा रिकामा झाला नाही. आणखी बारीक तराजू आला.

ही हकीकत मी मराठी मंडळाच्या ऑनलाइन कोजागरीला सांगितली. बायका हसल्या. पुरुषांनी एकेक करत माइक चालू केला आणि तराजूची कंपनी विचारली. तुम्ही वाचणारे त्यांच्याहून शहाणे. तरी मघापासून तुमच्याही मनात तेच घोळतंय. सांगणार नाही.