सकाळचे तीन सेकंद

ग्रंथपालांची गाडी रोज सकाळी फक्त तीन सेकंद आजारी असायची. किल्ली फिरवली की कुणीतरी खिळ्यांचा डबा हलवावा तसा बॉनेटखालून खर्रर्र आवाज यायचा आणि चौथ्या सेकंदाला गाडी शहाण्या मुलीसारखी चालू लागायची. पुढे दिवसभर आवाजाचा मागमूस नसे.

ग्रंथपालांचे कान साधे नव्हते. वाचनालयाच्या दुसऱ्या टोकाला कुणी मासिकाचं पान फाडलं, तर ते मान वर न करता त्याला नावानिशी हाक मारत. त्यामुळे सतरा वर्षांच्या गाडीचं दुखणं त्यांनी आठवड्याभरात हुडकून काढलं. इंजिनात टायमिंग चेन असते, सायकलच्या चेनची थोरली बहीण. ती इकडेतिकडे हलू नये म्हणून दोन बाजूंना गाइडच्या पट्ट्या असतात. पट्ट्या झिजल्या, चेन सैल पडली, की सकाळी तेल वर चढेपर्यंत ती खडखडते आणि मग गप्प बसते. एके दिवशी तुटते, तेव्हा मात्र इंजिनाचा निकाल लावूनच.

"मला तर कधी ऐकू आला नाही," बायको म्हणाली. त्या तीन सेकंदांत नेमका तिचा मिक्सर चालू असे. "अहो, मागे फ्रिज धापा टाकतो म्हणालात. अजून चालतोय. मग पंखा कण्हतो म्हणालात. तोही फिरतोय."

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मेहुण्याने तर त्यांचं नावच शंकासुर ठेवलं होतं. ग्रंथपालांनी एरवी हेही गिळलं असतं. पण शनिवारी लेकीला डोंगरावरच्या नर्सिंग कॉलेजात पोचवायचं होतं. दुपारी चारच्या आत हजर झाली नाही, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. पोरगी त्या जागेसाठी दोन वर्षं पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. चेन घाटात तुटली तर काय, या विचाराने ग्रंथपालांनी गॅरेज गाठलं.

गॅरेजवाल्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांचा एक नियम होता.

"साहेब, माझ्या कानांनी आवाज ऐकल्याशिवाय मी इंजिन उघडत नाही."

"अहो, पण गाडी इथवर येईपर्यंत तो जातो."

"गेला ना? मग चांगलं झालं की!"

ग्रंथपालांनी फोनवर आवाज रेकॉर्ड करून नेला. उस्तादांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "फोनमधला आवाज फोनचा असतो, इंजिनाचा नसतो." घरी येऊन ऐका म्हटलं, तर म्हणाले, "मी काय डॉक्टर आहे व्हिजिटला यायला?"

आता गाडी गारच्या गार गॅरेजात पोचवायची एकच वाट उरली होती. ढकलत न्यायची.

गुरुवारी सकाळी मेहुणा स्टिअरिंगवर बसला, कारण ढकलणाऱ्यांत तो असता तर त्याच्या तोंडाचाच वापर झाला असता. ग्रंथपाल मागून ढकलू लागले. "काहीही झालं तरी सुरू करायची नाही," त्यांनी तीनदा बजावलं होतं.

बंद गाडी ढकलणारा माणूस दिसला की जगातली सगळी माणुसकी जागी होते. आधी इस्त्रीवाला आला, मग पेपरवाला, मग फिरायला निघालेले दोन निवृत्त गृहस्थ. "सुरू होत नाही का?" प्रत्येकाने विचारलं. "होते, पण करायची नाही," असं ग्रंथपाल धापा टाकत सांगत आणि लोक त्यांच्याकडे दयेने बघून आणखी जोर लावत. गॅरेज पन्नास पावलांवर आलं तेव्हा मागे नऊ जण होते आणि गाडीला चांगलाच वेग आला होता. उस्ताद दारातच उभे होते. समोरून ढकलगाडी येताना दिसल्यावर तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "किल्ली फिरवा! सेकंडला टाका! क्लच सोडा!"

मेहुण्याने आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलेलं ताबडतोब ऐकलं. गाडी एक गचका खाऊन सुरू झाली. खर्रर्र झालं असणारच, पण नऊ जणांनी जो जल्लोष केला त्यात ते बुडून गेलं. इस्त्रीवाल्याने तर ग्रंथपालांना मिठीच मारली.

"बॅटरी गेलीय," हात झटकत उस्ताद म्हणाले. "आवाजाचं काय घेऊन बसलात?"

ग्रंथपाल पायरीवर मटकन बसले. त्यांचा चेहरा बघून उस्तादांनाही वाईट वाटलं. "असं करा, आज गाडी इथेच ठेवा. उद्या सकाळी गार असतानाच ऐकतो." हा साधा उपाय इतके दिवस दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता.

शुक्रवारी ग्रंथपाल बायकोला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. उस्तादांनी किल्ली फिरवली. खर्रर्र. स्पष्ट, खणखणीत, पूर्ण तीन सेकंद. ग्रंथपालांनी विजयी मुद्रेने दोघांकडे पाहिलं.

"हा होय?" उस्ताद म्हणाले. "साहेब, हा तर सगळ्यांनाच असतो! मला वाटलं, वेगळं काही असेल." त्यांनी कोपऱ्यातल्या आपल्या व्हॅनकडे बोट दाखवलं. "तेच इंजिन. माझी सहा वर्षं खडखडतेय. काय झालं?"

"तरीही उघडा," ग्रंथपाल म्हणाले. एवढ्या ठामपणे ते घरातही कधी बोलले नव्हते.

"उघडतो. पण चार दिवस लागतील. उद्या पोरीला कसं नेणार?" उस्तादांनी क्षणभर विचार केला. "माझी व्हॅन आहे ना. मी स्वतः सोडतो."

"किती चांगले आहात हो तुम्ही!" ग्रंथपाल तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली.

शनिवारी सकाळी निघताना तिने दम दिला, "आज आवाजाबद्दल एक अक्षर काढायचं नाही. पोरीचा दिवस आहे." उस्तादांनी व्हॅन सुरू केली. ती अकरा सेकंद खडखडली. ग्रंथपालांनी मनातल्या मनात मोजले आणि दातांवर दात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर खट्ट झालं आणि व्हॅन गप्प झाली. उस्तादांनी किल्ली फिरवली. स्टार्टर रिकाम्या गिरणीसारखा भरभर फिरला, इंजिन काही पेटेना. घड्याळात दोन वाजले होते. लेकीचा चेहरा उतरला. तेवढ्यात रस्त्याचं काम करणारे सहा जण धावत आले.

"आतच बसा साहेब! आम्ही ढकलतो, तुम्ही सेकंडला टाका!"

ग्रंथपाल व्हॅनच्या आडवे उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून ओरडले, "नाही! चेन तुटलीय! फिरवलंत तर आत आणखी वाट लागेल!"

कामगारांनी उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद स्टिअरिंगवरचे हात काढून खाली उतरले. "ते म्हणतात ते ऐका," ते हळूच म्हणाले.

मागून वर जाणारी बस आली ती देवासारखी. कामगारांनीच ती थांबवली. आत दोघींपुरतीच जागा होती. सामान चढलं, बायको चढली. लेक खिडकीशी बसली आणि खाली वाकून म्हणाली, "बाबा, मला तो आवाज रोज ऐकू यायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"मी झोपलेय असं आईला वाटायचं ना. ऐकला म्हटलं असतं तर उठावं लागलं असतं."

बस हलली. ग्रंथपालांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. पोरगी आजपासून घरात नसणार होती, आणि त्या घरात त्यांच्या कानांवर विश्वास ठेवणारं एक माणूस इतके दिवस होतं हे आत्ता कळत होतं. बस वळणाआड जाईपर्यंत ते हात हलवत राहिले.

मग ते आणि उस्ताद कठड्यावर बसले. कामगारही जेवणाची सुट्टी असल्यासारखे शेजारी टेकून जोरजोरात गप्पा मारू लागले.

"साहेब," उस्ताद म्हणाले, "सकाळी ऐकला होतात ना?"

"ऐकला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, सगळ्यांनाच असतो."

एवढ्यात ग्रंथपालांचा फोन वाजला. बायको होती.

"तीनपर्यंत पोचतोय, काळजी नको. पण अहो, ऐका ना. या बसचा वळणावर कसला तरी आवाज येतोय. आधी नव्हता. ड्रायव्हरला सांगितलं, तर म्हणतो मला काही ऐकू येत नाही! असं कसं ऐकू येत नाही? थांबा, फोन खाली धरते."

ग्रंथपाल काही बोलणार, तोच उस्तादांनी हात पुढे केला.

"आणा इकडे."

त्यांनी फोन कानाला घट्ट लावला आणि डोळे मिटले. ग्रंथपालांनी कामगारांकडे वळून, वाचनालयात ठेवत तसं, ओठांवर बोट ठेवलं.